दुसऱ्याच्या नावेतले सिद्रामप्पा

गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीच्या आवारात नवी बचावबोट आली. नारिंगी रंगाची, मोटरवाली, मागच्या बाजूला पाण्याखालचं दाखवणारं यंत्र बसवलेली. सगळे पुढं उभे राहून फोटो काढत होते. मी मागं जाऊन वाकून पाहिलं. चार भोकं पाडली होती, चार स्क्रू मारले होते, आणि कडेनं पांढरा लेप बोटानं फासला होता, तोही धड नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरेरे, अप्पांनी हे बघितलं असतं तर!" शेजारचा नवा कारकून म्हणाला, "कोण अप्पा, मॅडम?" आता त्याला काय सांगू, कपाळ! सिद्रामप्पांना जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यांना ओळखणारं कचेरीत मी सोडून कुणी उरलं नाही.

आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. नाव मोठं, टेबल मोडकं. जिल्ह्यात कुणी विहिरीत, तलावात, धरणात बुडालं की पहिला फोन मला, आणि माझा पहिला फोन सोलापुरात सिद्रामप्पांना. नव्या पेठेत साड्यांच्या दुकानांच्या रांगेत एक जिना आहे, त्या जिन्याखाली त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. जागा एवढीशी की गिऱ्हाईकानं आत यायचं तर अप्पांनी बाहेर यायचं. पुण्याकडच्या कुणा हौशी माणसानं त्यांच्याकडं मासे शोधायचं एक यंत्र दुरुस्तीला टाकलं आणि तो परत न्यायला आलाच नाही. गल्लीतल्या एका विणकराचा मुलगा तलावात बुडाला तेव्हा अप्पांनी ते यंत्र पहिल्यांदा पाण्यावर नेलं. मुलगा सापडला. तेव्हापासून मासे शोधायचं यंत्र माणसं शोधायला लागलं.

बुटका, सावळा माणूस. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि यंत्राशी बोलायचं ते कानडीतच. पडदा लागेना की त्यावर बोट आपटत म्हणायचे, "बा, बा." म्हणजे ये, ये. जणू रुसलेल्या पोराला जेवायला बोलावताहेत. मला ते अक्का म्हणायचे. मी वयानं त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण सरकारी माणूस म्हटल्यावर मान द्यायचाच, असा त्यांचा हिशेब. मोबदल्याचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी सोडायचे आणि आधी नावाड्याच्या हातावर एक तुकडा ठेवायचे.

आणि पोहता येत नव्हतं! इतकी वर्षं पाण्यावर काढली, पण पाण्याची भीती जाता जाईना. जॅकेट घालायचे, वर कमरेला दोर बांधायचे आणि दोराचं टोक नावेतल्या फळीला. मी एकदा म्हटलं, "अप्पा, नाव बुडाली तर दोरानं तुम्हीपण तिच्याबरोबर खाली जाल की." ते गंभीरपणे म्हणाले, "बरं की अक्का, म्हंजे सापडायला सोपं."

त्यांची माझी पहिली भेट भांडणातच झाली. माझं त्यांच्याशी नाही, आमच्या साहेबांचं. कॉलेजचा एक मुलगा धरणात बुडालेला, काठावर गर्दी, साहेबांवर वरून फोनवर फोन. सरकारी बोट तेव्हा नव्हतीच. काठावरच्या एका मच्छीमाराची फायबरची नाव मागून घेतलेली. अप्पांनी पिशवी उघडली आणि नावेच्या काठावरून हात फिरवत बसले. साहेब वैतागले. म्हणाले, "अहो, दोन स्क्रू मारा आणि चला ना! ड्रिल आहे आपल्याकडे." अप्पांनी पिशवी मिटली, चपला घातल्या आणि रस्त्याच्या दिशेनं निघाले. मी मागं धावले. "अप्पा, काय झालं?" तर म्हणतात, "नाव तुमची हाय का? न्हाय. माझी हाय का? न्हाय. आपण पाव्हणे. पाव्हण्यानं भिंतीला खिळा मारायचा नसतोय."

मग मला समजावून सांगितलं. फायबरच्या नावेला भोक पाडलं की पाणी नुसतं आत येत नाही, ते नावेच्या अंगात मुरतं. वरून लेप फासला तरी आतून थर सुटत जातात, फुगतात. दोन पावसाळ्यांत नाव जड होते, आणि मग कामातनं गेली. "आपण मढं शोधून जाणार निघून," ते म्हणाले, "ह्याला उद्या हीच नाव घिऊन मासं धरायचं हाय." साहेबांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण अप्पा परत आले.

त्यांची जोडणी साधी होती. हातभर लांब सागवानी फळी. तिच्या टोकाला उभा लोखंडी पाइप आणि पाइपच्या खालच्या टोकाला यंत्राचा सेन्सर. फळी नावेच्या काठावर आडवी ठेवायची आणि सुताराच्या दोन शिकंज्यांनी आवळायची. फळीखाली आणि शिकंज्याच्या दातांखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे लोखंड नावेला कुठं लागायचं नाही. सेन्सर वीतभर पाण्यात आणि अगदी सरळ हवा. बाजूनं बुडबुडे गेले की पडद्यावर नुसता कचरा. म्हणून मोटर बंद, नाव वल्ह्यानं हळूहळू चालवायची. मोटरसायकलची बॅटरी प्लास्टिकच्या टबात, वायरी धोतराच्या चिंध्यांनी बांधलेल्या. एवढ्या सगळ्याला तास-दीड तास जायचा. काठावरचे लोक शिव्या घालायचे, आई-बाप हंबरडा फोडायचे, आणि हा माणूस रबराचा तुकडा जरा इकडं, जरा तिकडं करत बसलेला. मला सांगायला लाज वाटत नाही, सुरुवातीला मलाही त्यांचा संताप यायचा.

तो मुलगा दुपारपर्यंत सापडला. मी पंचनाम्याला बसले होते, तर अप्पा ओल्या फडक्यानं ती नाव पुसत होते. फळी होती तिथं बोट फिरवून मच्छीमाराला म्हणाले, "बघा, कुटं ओरखडा हाय का?" त्या बिचाऱ्याला त्या वेळी ओरखड्याचं काय पडलेलं! पण अप्पा त्यानं मान हलवेपर्यंत हलले नाहीत.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग ते तलावाचं प्रकरण झालं आणि अप्पा बदलले.

शहरालगतच्या एका तलावात एका रिक्षावाल्याचा मुलगा बुडाला. दुसरा दिवस होता. बाप काठावर उकिडवा बसलेला. अप्पा छत्री उघडून तिच्यात डोकं घालून बसायचे, उन्हात पडदा दिसत नाही म्हणून. एकदम छत्री बाजूला झाली आणि अप्पा ओरडले, "सापडला! हितंच हाय!" तळाच्या रेघेवर माणसाएवढा उठाव होता, डोकं, खांदा, सगळं. मीही पाहिलं, मलाही पटलं. काठावर बाप उठला, खाली बसला, परत उठला. त्यानं फोन स्पीकरवर टाकून घरी लावला. पलीकडं बायकोचं रडणं एवढ्या लांबवर आम्हाला ऐकू आलं.

पाणबुड्या खाली गेला आणि वर आला तो गणपती घेऊन. विसर्जनातला, प्लास्टरचा, एक हात तुटलेला. पाण्यात विरघळलेलाच नव्हता. गर्दीतनं कुणीतरी सवयीनं "मोरया" म्हणालं आणि गप्प झालं. नाव काठाकडं आली तसा बाप पाण्यात कमरेएवढा शिरला, त्यानं अप्पांच्या सदऱ्याला धरलं. "माझं लेकरू मागतोय मी, आणि तू देव दाखवतूस? आता तिला काय सांगू? पुन्हा फोन करून काय सांगू?" अप्पांनी त्याचा हात सोडवला नाही. सदरा फाटला तरी उभेच राहिले.

मुलगा तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला आपोआप वर आला. त्यानंतर अप्पा यायचे, सगळं तसंच नीट बांधायचे, पण पडद्यावर काही दिसलं की आधी मान हलवायचे. "लाकूड असंल. दगूड असंल." अगदी खात्री झाल्याशिवाय पाणबुड्याला उतरू द्यायचे नाहीत. मला वाटलं, बरं झालं, माणूस सावध झाला. किती मूर्ख होते मी!

मग दत्तू मच्छीमाराची गोष्ट. माढ्याच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यावर गाव आहे, तिथला. पहाटे जाळं काढायला गेला तो आलाच नाही. त्याची नाव तेवढी दुपारी वाऱ्यानं काठाला लागली, रिकामी. त्या बाजूला दुसरी बरी नाव नव्हती, म्हणून त्याच्याच नावेवर यंत्र बसवायचं ठरलं. अप्पांनी पिशवी खाली ठेवली तोच दत्तूची बायको शालन नावेसमोर आडवी उभी राहिली. तीस-बत्तिशीची असेल. रडत नव्हती.

"ह्या नावंला भोक पाडू देणार न्हाय मी," ती म्हणाली. "त्येंनी लई जपलीय. आल्यावर मला बोल लावतील."

आल्यावर! आम्ही सगळे खाली बघायला लागलो. अप्पांनी मात्र फळी, शिकंजे, रबराचे तुकडे एकेक करून तिच्या हातात दिले. "ताई, तुमीच बघा. ह्यात खिळा न्हाय, स्क्रू न्हाय. बांधताना हितं उभ्या ऱ्हावा. एक ओरखडा दिसला तर मला पाण्यात ढकला." ती खरंच उभी राहिली. रोज यंत्र उतरवल्यावर काठावरून तळवा फिरवून बघायची आणि मगच घरी जायची.

सहा दिवस शोधलं. चौथ्या दिवशी अहवालासाठी मीही नावेत होते. एका कोपऱ्यात बुडालेल्या बाभळींचं रान आहे, त्यांचे शेंडे पाण्याच्या हातभर खाली. तिथं अप्पांनी नावाड्याला हात केला. नाव थांबली. छत्रीत डोकं घालून ते फार वेळ बसले. "बा, बा" सुद्धा म्हणाले नाहीत. पाणबुड्यानं विचारलं, "काय हाय, अप्पा? उतरू का?" काठावर शालन उभी होती, आमच्याकडंच बघत. अप्पांनी एकदा तिच्याकडं पाहिलं.

"न्हाय," ते म्हणाले. "बाभळीचं खोड हाय. चला फुडं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातली डायरी काढून काहीतरी लिहिलं. मला ते दिसलं. मी विचारू शकले असते. पण ऊन मी म्हणत होतं, डोकं ठणकत होतं, आणि मला घरी जायचं होतं. म्हणून नाही विचारलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सहाव्या दिवशी शोध थांबला. कागदावर दत्तू बेपत्ता झाला. मढं नाही तर मृत्यूचा दाखला नाही, आणि तसंच राहिलं तर सात वर्षं थांबायचं. हे शालनला मीच सांगितलं, माझ्या टेबलासमोर उभं करून. ती म्हणाली, "दाखला कशाला? येतील की." तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

हिवाळा गेला, उन्हाळा लागला, पाणी ओसरलं. बाभळींचे शेंडे उघडे पडले, मग बुंधे. शेरडं घेऊन गेलेल्या एका म्हाताऱ्याला खोडाला गुंडाळलेलं जाळं दिसलं आणि जाळ्यात जे उरलं होतं ते. कमरेच्या चांदीच्या करदोट्यावरून ओळख पटली.

मी फोन केला नव्हता तरी अप्पा दुसऱ्या दिवशी कचेरीत आले. माझ्यासमोर डायरी उघडून ठेवली. त्या पानावर त्यांनी काठावरच्या देवळाचा कळस आणि पंपघराची रेघ धरून जागा काढून ठेवली होती, पाण्याची खोली लिहिली होती आणि पुढं एवढंच: माणूस वाटतो. दत्तू सापडला ती जागा तीच.

"मला दिसलं हुतं अक्का," ते म्हणाले. "शंभरातलं साठ वाटत हुतं. पण त्या बाईकडं बघितलं आन् तो रिक्षावाला डोळ्याम्होरं आला. म्हटलं, पुन्हा तसलंच काय वर आलं तर? माझी जीभच उचलंना."

मी म्हटलं, "अप्पा, झालं ते झालं. तो काय जिवंत निघणार होता?"

"न्हाय. पण मला तिला सांगाय पाहिजे."

"कशाला? तिला काय माहीत?"

"मला म्हाईत हाय की."

मी खूप समजावलं. चिडले, ओरडले. म्हटलं, तिच्या जखमेवर मीठ चोळायला जाताय, तुमच्या मनाचा भार उतरावा म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी येताय का मी एकटा जाऊ?" गेले मी. ती एकट्यानं जायची वाट नव्हती.

शालन पडवीत जाळं शिवत बसली होती. कपाळ मोकळं. अप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि डायरी मधे ठेवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चौथा दिवस, बाभळीचं रान, मला वाटलं होतं, मी बोललो नाही. तिचा सुईचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तवाच सांगितलं असतं तर तवाच कुंकू पुसलं असतं मी," ती म्हणाली. "सहा म्हैने लावलं. रोज. रोज एक भाकरी जास्त थापली."

अप्पा म्हणाले, "शिवी दे बाई मला. मार तरी."

"शिवी दिऊन काय हुतंय?" तिनं जाळं बाजूला सारलं. "शेजारच्या बाया मला येडी म्हनाय लागल्या हुत्या. दिसलं की सांगायचं हुतं, अप्पा. दगूड निघाला असता तर निघाला असता. मी काय मरत हुते का दगडानं?" मग उठली. "बसा. च्या टाकते."

तो चहा अप्पांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग कपबशी स्वतः विसळून पडवीत पालथी घातली. परतीच्या जीपमध्ये माळरान संपेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस यंत्र विकून टाकणार. त्यांनी विकलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता.

नाही विकलं. माझी दुसऱ्या टेबलावर बदली झाली, आमचं बोलणं कमी झालं. कानावर यायचं की अप्पा म्हातारे झाले, आता नुसतं काहीही दाखवतात. जिथं तिथं माणूस उतरवतात, टायर निघतात, पोती निघतात, पाणबुडे कंटाळलेत. एकदा एका पोलिसानं सगळ्यांसमोर म्हणे त्यांना हाकलून दिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधी दोन महिने. एसटीतून जाताना तलावाच्या बांधावर गर्दी दिसली आणि मी उतरले. कुणाची तरी सोळा-सतरा वर्षांची मुलगी बुडाली होती. अप्पा फार वाळले होते, नावेत चढताना म्हणे दोघांनी धरावं लागलं. पण चढायच्या आधी ते मुलीच्या आईसमोर जाऊन बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं मला सांगितलं, अप्पा तिला म्हणाले, "ताई, मी दहा बारी हात वर करीन. नऊ बारी दगूड निघंल. तुमी दर बारी उठू नका. पण मी हात खाली ठेवणार न्हाय. चालंल का?" त्या आईनं मान हलवली होती.

मी गेले तेव्हा नाव मधोमध होती. अप्पांचा हात वर झाला. पाणबुड्या गेला आणि वर आला तो पोतं घेऊन. काठावर कुणीतरी हसलं. "ह्या म्हाताऱ्याला कुणी बोलावलं?" म्हणालं. अप्पांनी तिकडं पाहिलं नाही. नाव चार हात पुढं सरकली, हात पुन्हा वर. दगड. पुन्हा वर. पाणबुड्या या वेळी रिकाम्या हातांनी वर आला, नुसती मान हलवली आणि नावेच्या काठाला धरून धापा टाकत राहिला. लोक आता उघड शिव्या देत होते. मुलीची आई तेवढी उठली नव्हती, मांडीवर हात ठेवून बसली होती. अप्पांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, नावाड्याला काहीतरी सांगितलं आणि नाव वळली. मी निघाले तेव्हा त्यांचा हात पुन्हा वर गेला होता.